वेचणीचा हात

कारंजा आणि मानोरा या दोन गावांच्या टापूत, वाशीम जिल्ह्याच्या काळ्या जमिनीवर वसलेल्या इंझोरीसारख्या गावात एखाद्या बाईच्या स्तनात गाठ सापडली, म्हणजे घरच्यांना आजाराच्या खालोखाल जी चिंता ग्रासते ती अंतराची. अकोल्याचे संत तुकाराम रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, आणि तेथूनही पुढे धाडले तर १९४१ सालापासून देशभरच्या रुग्णांचा भार वाहणारे परळचे टाटा स्मारक रुग्णालय, असे हे एकाहून एक लांबचे मुक्काम. एस.टी.चे भाडे, सोबत्याची बुडणारी मजुरी आणि मागे राहिलेल्या गुराढोरांची तजवीज यांचा हिशेब जुळवीत कुटुंबे तो प्रवास करतात. आणि अलीकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार यांच्या मोठ्या खर्चाचा बोजा पुष्कळांच्या शिरावरून उतरलाही आहे. या सर्व उपचारांत एक गोष्ट समान आहे : त्यांना मुदत असते. ती मुदत भरली की कागदपत्रांची पिशवी खुंटीला लागते आणि बाई पुन्हा शेतात जाऊ लागते.

त्यानंतर सहा महिन्यांनी, वर्षा-दोन वर्षांनी, क्वचित त्याहूनही उशिरा, शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात जड वाटू लागतो, संध्याकाळी बांगडी मनगटात रुतते, पोलक्याची बाही दंडाला घट्ट होते, आणि बोटाने दाबले तर कातडीवर खळगा उमटून राहतो. रात्री हात उशीवर ठेवून झोपले की सकाळी सूज ओसरते, म्हणून कोणी तिकडे फारसे लक्ष देत नाही. पुढे ती सकाळीही ओसरेनाशी होते. डॉक्टर या सुजेला लिम्फेडिमा म्हणतात, मराठीत लसीकाशोथ म्हणता येईल. कर्करोगाच्या उपचारांमागून येणारा हा विकार प्राण घेत नाही, परंतु एकदा पुरता मुरला की बहुधा पूर्णपणे जातही नाही. आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच की कर्करोगाचा इलाज नागपूर-मुंबईस जाऊन करता येतो, पण या सुजेचा इलाज रोजच्या रोज करावयाचा असल्यामुळे तो दूर जाऊन करताच येत नाही. तो गावातच, घरातच करावा लागतो.

हे असे का होते ते समजण्यास शरीरातील एका दुर्लक्षित व्यवस्थेची ओळख करून घ्यावी लागेल. रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून फिरत असता त्यातील काही द्रव व प्रथिने बाहेर झिरपून पेशींच्या भोवती पसरतात, आणि हा द्रव गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडण्याचे काम लसीकावाहिन्यांचे जाळे करते. दिवसाकाठी दोन ते चार लिटर द्रव या मार्गाने परत येतो. वाटेत ठिकठिकाणी लसीकाग्रंथींची ठाणी असतात आणि तेथे जंतूंची व परक्या पेशींची झडती होते. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी घर सोडून निघाल्या म्हणजे त्यांचा पहिला मुक्काम बहुधा काखेतील ग्रंथींत पडतो, सबब शल्यविशारद त्या ग्रंथी काढून तपासतो, आणि किरणोपचारात त्याच जागेवर किरणांचा मारा होतो. पावसाळ्यात रानातला चर बुजला म्हणजे चांगल्या कसदार वावरातही पाणी तुंबून राहते, तशीच अवस्था मग हाताची होते. तुंबलेला द्रव प्रथिनयुक्त असल्यामुळे नुसते तुंबून भागत नाही. त्याच्या सहवासाने हळूहळू चरबी व तंतुमय पेशीजाल वाढून हात मऊ होता तो घट्ट होत जातो. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही याचेही कारण हेच : गोळी पाणी काढील, प्रथिने तेथेच राहतील.

या वाहिन्यांचा शोध तसा जुना आहे. इटलीतील मिलान शहरी १६२२ साली गास्पारे असेल्ली या शरीरशास्त्रज्ञाने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले असता आतड्यांच्या आवरणावर दुधाने भरल्यासारख्या पांढऱ्या रेषा त्यास दिसल्या. पुढे तीसएक वर्षांनी स्वीडनमध्ये रुडबेक व डेन्मार्कमध्ये बार्थोलिन यांनी हे जाळे सर्व शरीरभर असल्याचे दाखवून दिले, आणि प्रथम कोणी पाहिले याविषयी पंडितांस शोभेल असे भांडणही केले. पण त्या जाळ्यात मोडतोड केल्याचे परिणाम काय होतात याचा धडा विसाव्या शतकातील शस्त्रक्रियांनी दिला. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील सर्व ग्रंथी एकगठ्ठा काढल्या जात. तिने प्राण वाचत, पण पुष्कळ स्त्रियांचे हात सुजत. खुद्द हॉल्स्टेड यांनीच १९२१ साली या सुजेवर निबंध लिहून तिला ‘शस्त्रक्रियेतून उद्भवणारा हत्तीरोग’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले.

हॉल्स्टेड यांना सुचलेले हे नाव आपल्याकडे नेमका घोटाळा करते. विदर्भात हत्तीरोग ऐकीव नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत डासांच्या दंशातून पसरणाऱ्या या रोगाचा उपद्रव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत त्यावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे, आणि गोळ्या वाटण्यासाठी दारी येणारे कर्मचारी तिकडच्या लोकांच्या परिचयाचे आहेत. त्यामुळे सुजलेला हात पाहून ‘हिला हत्तीरोग झाला’ असे कोणी म्हटले तर नवल नाही. हत्तीरोगात लसीकावाहिन्या कृमींनी बिघडतात, येथे त्या शस्त्राने आणि किरणांनी बिघडलेल्या असतात; म्हणून कृमींवरची गोळी येथे निरुपयोगी आहे, आणि ही सूज एकापासून दुसऱ्यास लागत नाही, तेव्हा बाईची ताट-वाटी वेगळी ठेवणे हा अज्ञानातून होणारा जुलूम आहे. तथापि या दोन विकारांत एक उपयुक्त साम्यही आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरी गेरुसा ड्रेयर या डॉक्टरबाईंनी हत्तीरोगाच्या गरीब रुग्णांना साबण-पाण्याने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे आणि चिरांची निगा राखणे एवढेच शिकविले, त्यांची मंडळे स्थापन केली, आणि तापाचे झटके लक्षणीय कमी झाल्याचे दाखविले. हत्तीरोगाच्या पायाला जी निगा हवी तीच कर्करोगाच्या हाताला हवी. एक शिकविणारा कर्मचारी दुसरी सहज शिकवू शकेल, मात्र आपल्या खात्यांची दप्तरे निरनिराळी असल्यामुळे एकाचा धडा दुसऱ्याच्या कानी सहसा पडत नाही.

सूज येऊच नये म्हणून शल्यशास्त्राने गेल्या तीस वर्षांत जे केले ते अभिनंदनीय आहे. काखेतील सर्व ग्रंथी न काढता, गाठीकडून येणारा द्रव ज्या ग्रंथीत प्रथम पोहोचतो ती रंगद्रव्याने वा किरणोत्सर्गी द्रव्याने हुडकून तेवढीच तपासावी आणि ती निर्दोष निघाली तर बाकीच्यांना हात लावू नये, ही पद्धत आता सर्वमान्य झाली. तिची एक महत्त्वाची कसोटी उंबेर्तो वेरोनेसी यांनी ५१६ स्त्रियांवर घेतली, तीही असेल्लीच्याच मिलान शहरात. या पद्धतीला लागणारी साधनसामग्री सर्वत्र परवडत नाही हे ओळखून टाटा रुग्णालयातील वाणी परमार, राजेंद्र बडवे प्रभृतींनी काखेच्या केवळ खालच्या भागातील ग्रंथी काढून तपासण्याची साधी पद्धत अभ्यासिली व २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या शल्यविशारदाच्या दृष्टीने हे काम मोठ्या मोलाचे आहे. जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज सांगते की काखेतील ग्रंथी पूर्णपणे काढलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे वीस जणींना सूज येते, तर पहिलीच ग्रंथी काढली असता पाच-सहा जणींना. परंतु आपल्याकडची बाई गाठ हाताला लागल्यावरही लाजेने आणि कामाच्या रगाड्याने महिनोन्‌महिने गप्प बसते, ती डॉक्टरांसमोर येते तेव्हा ग्रंथींत रोग शिरलेला असतो, आणि मग त्या सर्व काढण्यावाचून पर्याय राहत नाही. गाठ लवकर दाखविण्याची जी अनेक कारणे सांगितली जातात त्यांत ‘हात वाचेल’ हेही एक सांगावयास हवे.

सुजेवरील इलाजाचा आरंभ खरे पाहता शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच व्हावयास पाहिजे. शिंप्याजवळ असते तसली मोजपट्टी घेऊन दोन्ही हातांचे तळवा, मनगट, आणि मनगटापासून वर दर दहा सेंटिमीटरवर असे घेर मोजून वहीत लिहून ठेवावेत. पुढे दर महिन्यास त्याच जागी, दिवसाच्या त्याच वेळी मोजावेत. कोणत्याही ठिकाणी फरक दोन सेंटिमीटरांवर गेला तर डॉक्टरांना दाखवावे. किंबहुना हात जड वाटणे हीच पहिली वर्दी समजावी, कारण सूज डोळ्यांना दिसण्याआधी बाईला जाणवते आणि त्या अवस्थेत पकडली तर ती परतविता येते. शस्त्रक्रियेनंतर हात जपून छातीशी धरून ठेवण्याची जी स्वाभाविक प्रवृत्ती असते तिला मात्र वेळीच आवर घालावा. स्पेनमधील आल्काला दे एनारेस येथे १२० स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना शस्त्रक्रियेपाठोपाठ काही आठवडे हाताचे व्यायाम व हलके मर्दन मिळाले त्यांच्यापैकी वर्षभरात शेकडा सात जणींना सूज आली, तर ज्यांना नुसता उपदेश मिळाला त्यांच्यापैकी शेकडा पंचवीस जणींना. भिंतीवर बोटे चढवीत नेणे, वेणी घालण्यासाठी हात मागे नेणे, मूठ आवळणे व सोडणे, पोट फुगवून सावकाश दीर्घ श्वास घेणे, एवढ्याला ना यंत्र लागते ना पैसा.

सूज आलीच, तर तिच्यावरील मान्य उपचार चतुरंग आहे : त्वचेची निगा, हलके मर्दन, दाबाची पट्टी आणि व्यायाम. एमिल वोडर या डेन्मार्कच्या गृहस्थाने १९३० नंतरच्या दशकात मर्दनाची पद्धत बसविली आणि जर्मनीतील मिखाएल फोल्डी यांनी पुढे या चारी अंगांची सांगड घातली. यांतील मर्दनाविषयी आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज आहे. मालीश म्हटले की तेल लावून जोराने रगडणे एवढेच आपल्याला ठाऊक, आणि गावातील चोळणारी बाई तर जितके दुखेल तितका गुण अशा श्रद्धेची. पण लसीकावाहिन्या कातडीच्या अगदी खाली, अत्यंत नाजूक अशा असतात, आणि जोराने चोळल्याने त्या दबतात व रक्ताचा ओघ वाढून सूज उलट फुगते. योग्य मर्दनात हाताचा दाब कातडी किंचित सरकेल इतकाच असतो, आणि त्याचा क्रमही अपेक्षेच्या विपरीत असतो : प्रथम मान, मग निरोगी बाजूची काख, मग छाती-पाठ, मग दंड, आणि सर्वांत शेवटी कोपराखालचा हात व बोटे, कारण पुढची वाट मोकळी झाल्यावाचून मागचा द्रव सरकणार कोठे? गरम शेक आणि कढत पाण्याच्या पिशव्या यांना या इलाजात जागा नाही.

मर्दनाहून अधिक भिस्त दाबावर आहे. पहिल्या टप्प्यात दोन ते चार आठवडे रोज, कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे अनेक थर बोटांपासून काखेपर्यंत असे बांधतात की दाब बोटांशी अधिक व वर जाताना कमी होत जाईल. औषधाच्या दुकानात मिळणारी साधी क्रेप पट्टी येथे चालत नाही; ती फार ताणली जाते आणि अजाण हाताने बांधली तर दंडाभोवती फास बसून खालचा हात फुगतो. सूज पुरेशी उतरली म्हणजे मापाप्रमाणे घेतलेली दाबाची बाही, म्हणजे स्लीव्ह, दिवसभर घालावयाची व रात्री काढावयाची. तळहात सुजत असेल तर तिच्या जोडीला हातमोजा. ही बाही सहाएक महिन्यांत सैल पडते, दोन आलटून पालटून वापराव्या लागतात, रोज धुऊन सावलीत वाळवाव्या लागतात, आणि जोडीची किंमत कापूस वेचणीच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी होते. लाखांची शस्त्रक्रिया पार पडल्यावर बाईचा हात काही हजारांच्या कापडासाठी अडून राहावा हा उफराटा न्याय आहे, आणि तो बदलण्यासाठी नव्या शोधाची नव्हे, केवळ एका हुकुमाची गरज आहे असे मला वाटते. वऱ्हाडातील उन्हाळ्याचा प्रश्न मात्र हुकुमाने सुटणारा नाही. पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा ती बाही अंगावर सोसवत नाही हे खरे. तथापि सूज वाढण्याचा हंगामही तोच, म्हणून दुपारचे काम टाळून सकाळ-संध्याकाळ तरी ती घालावी आणि दुपारी ओल्या सुती फडक्याने हात गार ठेवावा, ही तडजोड बरी. तांड्यावरील बंजारा स्त्रियांच्या दंडापर्यंतच्या बलिया, तशाच मनगटातील घट्ट काचेच्या बांगड्या, या त्या हातातून उतरविणे इष्ट. हे सांगणे नाजूक आहे, सौभाग्याशी निगडित आहे, आणि म्हणून ते परक्या डॉक्टरने बजावण्यापेक्षा घरातील सासूबाईंनी समजावलेले अधिक चालेल.

आता शेतीच्या कामाचा प्रश्न, कारण इंझोरीच्या बाईला तोच प्रथम सुचतो. वर्षानुवर्षे डॉक्टर सांगत आले की त्या हाताने जड उचलू नका. आणि ज्या घरात पाण्याची कळशी, गवताचा भारा व कडेवरचे मूल यांवाचून दिवस उजाडत नाही तेथे हा उपदेश एक तर मोडला जाई, नाही तर बाई निरुपयोगी ठरे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कॅथरिन श्मिट्झ यांनी सूज असलेल्या १४१ स्त्रियांना घेऊन, दाबाची बाही घालून, अगदी हलक्या वजनापासून सावकाश चढत जाणारा वजने उचलण्याचा व्यायाम त्यांपैकी निम्म्या जणींकडून वर्षभर करविला, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने ही समजूत मोडून काढली : हाताची सूज वाढली नाहीच, उलट सूज उसळण्याचे प्रकार व्यायाम करणाऱ्यांत शेकडा १४ तर न करणाऱ्यांत शेकडा २९ दिसले. यातील ‘सावकाश’ हा शब्द मात्र विसरता कामा नये. सहा महिने घरी बसलेल्या बाईने एकदम दिवसभराच्या निंदणाला वा वेचणीला बसू नये; पहिल्या आठवड्यात तासभर, मग दोन तास, अशी वाढ करावी, ओटी अर्धी भरली की रिकामी करावी, भार दोन्ही हातांवर आलटून घ्यावा, आणि मधूनमधून हात वर करून मूठ उघडझाप करावी. संध्याकाळी हात जड झाला तर दुसऱ्या दिवशी काम थोडे कमी, एवढा साधा हिशेब.

जुन्या निषेधांच्या यादीतील आणखीही काही कलमे अलीकडे ढिली झाली आहेत. बोस्टनच्या एका रुग्णालयाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या हाताचा रक्तदाब मोजणे, रक्त काढणे, विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध आढळला नाही. आढळला तो काखेतील ग्रंथी पूर्णपणे काढण्याशी, तेथील किरणोपचाराशी, वाढलेल्या वजनाशी आणि त्वचेच्या जंतुसंसर्गाशी. सोय असेल तर सुई दुसऱ्या हाताला टोचून घ्यावी, पण अडचणीच्या वेळी परिचारिकेशी वाद घालून जीव टांगणीला लावू नये. पहिल्या दोन कारणांवर रुग्णाचा इलाज चालत नाही, वजनावर थोडाफार चालतो, आणि जंतुसंसर्गावर पुष्कळच चालतो. म्हणून त्याविषयी सविस्तर.

कापसाच्या बोंडाची वाळकी टोके, सोयाबीन सोंगताना बोचणाऱ्या शेंगा, विळ्याचे ओरखडे, चुलीचे चटके, तारेच्या कुंपणाचे काटे : या मुलखातील बाईच्या हाताला रोज कोठे ना कोठे चीर पडते आणि निरोगी हाताला तिची पर्वा नसते. सुजलेल्या हातात मात्र जंतूंची झडती घेणारी ठाणीच उठलेली असतात, आणि प्रथिनयुक्त द्रवात जंतू भराभर वाढतात. काही तासांत हात लाल, गरम, ठणकता होतो, हुडहुडी भरून ताप येतो. हा प्रकार घरगुती लेपांनी वा ‘उद्या पाहू’ म्हणून टाळण्याचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन प्रतिजैविक सुरू केले पाहिजे, आणि ताप उतरेपर्यंत पट्टी, मर्दन व बाही बंद ठेवली पाहिजे. असा प्रत्येक झटका उरलेल्या वाहिन्यांचे नुकसान करून जातो आणि पुढचा झटका सोपा करून ठेवतो. तो वारंवार येऊ लागला तर डॉक्टर दीर्घकाळ पेनिसिलीन देतात. टाळण्याची खबरदारी त्या मानाने क्षुल्लक आहे : शेतात जाताना जाड सुती हातमोजे व पूर्ण बाहीचा सदरा, घरी आल्यावर साबणाने हात धुऊन बेचक्या कोरड्या करणे, रात्री खोबरेल लावून कातडी मऊ ठेवणे, नखांच्या कडा न ओढणे, आणि चीर पडलीच तर ती धुऊन झाकणे. याखेरीज, सूज एकाएकी वाढली, हात दुखू वा बधिर होऊ लागला, दम लागू लागला, किंवा वर्षानुवर्षांच्या सुजेवर जांभळट डाग वा गाठ दिसू लागली, तर तिला नेहमीचीच सूज समजू नये. रक्ताची गुठळी अथवा कर्करोगाचा पुनरुद्भव तेथे दडलेला असू शकतो.

आतापर्यंत हाताविषयीच लिहिले, परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटातील ग्रंथी गेल्या की पाय सुजतो, आणि खर्रा-गुटख्याने ज्यांचा जबडा गेला अशा, विदर्भात दुर्दैवाने विपुल असलेल्या, पुरुषांना मानेच्या शस्त्रक्रियेनंतर हनुवटीखाली व गालावर सूज येते. ती सकाळी अधिक असते, म्हणून त्यांनी डोके उंच ठेवून निजावे. उपचाराची तत्त्वे तीच. सूक्ष्मदर्शकाखाली लसीकावाहिनी शिरेला जोडण्याच्या शस्त्रक्रियाही आता होतात, पण त्या निवडक रुग्णांसाठी आहेत आणि त्यांच्यानंतरही दाबाची बाही बहुधा सुटत नाही.

पट्ट्यांचा पहिला, दोन ते चार आठवड्यांचा टप्पा ज्यांना घ्यावयाचा असेल त्यांनी तो तूर निघाल्यानंतर आणि कडक ऊन सुरू होण्यापूर्वी, माघ-फाल्गुनात घ्यावा. शेताला तेव्हा थोडी फुरसत असते आणि पट्टीखाली घामही येत नाही. अकोल्यास वा नागपुरास तेवढ्या दिवसांचा मुक्काम पडेल. सोबतीचे माणूस निवडताना पिशव्या उचलणारा नातलग न घेता, पुढे रोज घरी पट्टी बांधील अशी सून, जाऊ, मुलगी, किंवा ज्याच्या हाताला उरक आहे असा नवराही घ्यावा, आणि निघण्यापूर्वी त्या माणसाने शिकविणाऱ्यासमोर संपूर्ण पट्टी एकदा स्वतः बांधून, सोडून, पुन्हा बांधून दाखवावी.